लंगडी चाल

प्रिय दादा,

‘प्रिय’ लिहिलंय म्हणून लगेच हुरळून जाऊ नकोस. याआधीच्या कागदावर मी तुला काय काय म्हटलं होतं ते वाचलं असतंस, तर आणखी काही वर्षं तोंड लपवून बसला असतास. तो कागद फाडला आणि हा घेतला. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकते, म्हणजे तू पत्र अर्धवट वाचून खिशात कोंबणार नाहीस. बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत. दुखणं हाडांत उतरलंय. घरी कधी नेता येईल हे विचारायचं मी सोडून दिलंय, कारण ते विचारलं की डॉक्टर माझ्याकडे बघायचं सोडून फाइलकडे बघायला लागतात. बाबांची एकच इच्छा आहे. तू वाजवलेली ती लंगडी चाल त्यांना ऐकायची आहे, जाण्याआधी एकदा. त्यांच्या बाकी सगळ्या मागण्या मी पुरवल्या. हवी ती उशी आणली, घरचा रेडिओ आणला, खिडकीजवळचा बेड मिळावा म्हणून नर्सशी भांडलेसुद्धा. ही एकच मला पुरवता येत नाही. मी कोण ते तुला ठाऊकच आहे. नाव तूच ठेवलं होतंस, बेसूर.

तू सापडलास कसा ते ऐक. सापडलास म्हणणं जरा जास्तच होतंय, तुझा आवाज सापडला एवढंच. चष्म्याच्या दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन मी निघाले होते. हो, अजून तिथेच आहे, अजून काचाच घासते. औषधं घेतली आणि स्टेशनसमोरच्या भुयारी मार्गातून हॉस्पिटलकडे चालले होते. पुढे कुठेतरी कुणीतरी क्लॅरिनेट वाजवत होतं. मी कान दिला नाही. मला राष्ट्रगीतसुद्धा लोक उभे राहिले की कळतं. पण पाय आपोआप त्या ठेक्यात पडायला लागले, आणि एका जागी चाल अर्धा घास गिळून एकदम पुढे गेली, आणि दादा, माझा पायही तिच्याबरोबर लवकर पडला. मला काही कळायच्या आधी पायाला कळलं होतं. अख्ख्या जगात ती चाल त्या जागी तशी उडी मारते हे फक्त आपल्या घराला ठाऊक आहे. मी औषधांची पिशवी छातीशी धरून धावत सुटले, आणि धावले ती नेमकी उलट्या बाजूला, कारण त्या भुयारात आवाज चारही भिंतींतून येतो. परत फिरून पोचले तोवर भिंतीशी नुसती मोकळी जागा, आणि शेजारी शिट्टी गळ्यात अडकवलेला एक सुरक्षारक्षक. इथे वाजवायला परवानगी नाही म्हणून उठवला, म्हणाला. कसा दिसत होता म्हणून विचारलं तर म्हणाला, माणसासारखा. मी पायऱ्यांवर बसले आणि मोठ्याने रडले. लोक मला वळसा घालून जात होते.

रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला तोंडाशी बसवायची रीड लागते, चाव्यांखालचे पॅड बदलावे लागतात, आणि त्यासाठी या शहरात एकच दुकान आहे, मंडईच्या मागच्या गल्लीतलं, जिथे बाबा तुला पहिल्यांदा घेऊन गेले होते. म्हातारा मालक गेला, आता त्याचा जावई बसतो, पण खवचटपणा वारशाने आलेला दिसतोय. गिऱ्हाइकांचे पत्ते तो देत नाही म्हणे. मी पाया पडले, आवाज चढवला, मग पुन्हा पाया पडले. शेवटी त्याने माझ्या नाकाकडे निरखून बघितलं आणि सुस्कारा सोडला. आपलं नाक एवढं बोलकं आहे हे मला माहीत नव्हतं. पत्ता त्याने दिलाच नाही. तू देऊ नको म्हणून सांगितलंयस म्हणाला, शाबास. पण त्या दिवशी उठवाउठवीत तुझं वाद्य खाली पडलं, त्याची एक चावी वाकली, आणि ते दुरुस्तीला त्याच्याच टेबलावर होतं. त्याने मला ते हातात घेऊ दिलं. दादा, मधल्या जोडाला बाबांनी गुंडाळलेला तो मेण लावलेला दोरा अजून तसाच आहे. कॉर्क बसवून देतो म्हटलं तरी तू नाही म्हणतोस, असं तो सांगत होता. त्या दोऱ्यामुळे मला हे पत्र लिहायचा धीर आला. नाहीतर कोण लिहितंय तुला. हे पाकीट तुला पेटीत रीडच्या डबीखाली मिळेल. माझा फोन नंबर आणि हॉस्पिटलचा पत्ता त्यावर मोठ्या अक्षरात आहेत.

मला सारखी ती पेटी आठवते. क्लॅरिनेटची नव्हे, ती लाकडी, बसमधली. तू तेव्हा शाळेत होतास आणि मी नुकतीच जायला लागले होते. शेवटच्या फेरीनंतर मागच्या सीटखाली कुणाची तरी रेकॉर्डची पेटी राहिली होती, आणि बाबांच्या बस डेपोत ती कितीतरी महिने सुट्या भागांच्या कपाटावर धूळ खात पडली. मालक काही आला नाही. मग साहेबांनी बाबांनाच म्हटलं, ने ती घरी, कारण वर्कशॉपमधल्या सगळ्यांत तिच्याकडे टक लावून बघणारे बाबाच एकटे. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला बोल्ट ढिला आहे ते सांगायचे, तेवढाच काय तो कान. भंगारातून एक रेकॉर्ड प्लेअर आणला, मोटर साफ केली, आणि त्याचा पट्टा तुटलेला होता म्हणून सायकलच्या ट्यूबमधून एक गोल कापून चढवला. कापलाही असा एकसारखा की हात लावून बघावं. मग आपण तिघं जमिनीवर बसलो, आणि त्या पेटीतून एकेक माणूस बाहेर यायला लागला.

मी माणूसच म्हणते, कारण बाबा तसंच म्हणायचे. त्या रेकॉर्डवर कुणी मोठे गवई नव्हते. कुणीतरी कधीकाळी यंत्र घेऊन गावोगाव फिरलं असणार, आणि ओसरीवर, गोदीत, शेताच्या बांधावर जे जे गात-वाजवत होते त्यांना पकडून आणलं असणार. धान्य कुटताना गाणाऱ्या बायका होत्या, त्यांचा श्वास आणि मुसळाचा ठोका एकत्र ऐकू यायचा. एक माउथ ऑर्गनवाला होता, त्याचं ऐकलं की बाबा म्हणायचे, हा आत्ता कामावरून आलाय, अजून बूटसुद्धा काढलेले नाहीत. दोन म्हातारे भाऊ व्हायोलिन वाजवायचे आणि मध्येच लांब कुठेतरी त्यांचा कुत्रा भुंकायचा. त्या कुत्र्याची बाबा वाट बघायचे. बोट वर करून बसायचे, आणि तो भुंकला की आपल्याकडे बघून असे खूश व्हायचे की त्यांनीच त्याला शिकवलंय. आणि मग जॅझचा तो बँड, ज्यात सगळे एकाच वेळी बोलत असायचे आणि तरी भांडण व्हायचं नाही. आपल्या घरात असं कधी जमलं नाही, असं तू म्हणायचास. डेपोतून आल्यावर हातावरचं ग्रीस पुसायच्या आधी बाबांना एक तरी रेकॉर्ड लागायची, म्हणून त्या सगळ्या रेकॉर्डच्या कव्हरांवर त्यांचे अंगठे उमटले आहेत. घरात आई नव्हती. पण त्या पेटीमुळे घरात कुणी नाही असं मला कधी वाटलं नाही.

आणि लंगडी. कव्हरवर तिचं काहीतरी लांबलचक नाव होतं, ते आपल्याला वाचताही यायचं नाही. क्लॅरिनेट सुरू व्हायचं, मजेत, हात खिशात घालून फिरायला निघाल्यासारखं, आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर सुई टक् करून पुढच्या फेऱ्यात पडायची. तिथे चरा होता, बसमधूनच आलेला. चार मात्रा गायब. बाकीच्या वाद्यांचा सगळा लवाजमा एक पाय हवेत ठेवून पुढे जायचा. आपण ती चाल अशीच शिकलो. मला वाटायचं ती रचणाऱ्यानेच तिथे उडी ठेवली आहे, आणि मी त्या जागी एका पायावर उडी मारायचे, दर वेळी, बरोबर तिथेच. तू तिला लंगडी म्हणायला लागलास. बाबांनी तुला ते जुनं क्लॅरिनेट आणून दिलं तेव्हा तू पहिली हीच चाल बसवलीस, प्लेअरच्या शेजारी बसून, सुराला सूर लावत, आणि उडीच्या आधी तू नाकाने एक छोटासा श्वास घ्यायचास. तो श्वास ऐकला की मी तयार. कितीतरी वर्षं मी समजत होते की संगीत म्हणतात ते हेच.

ते कुठे बिनसलं ते मी उगाळत बसणार नाही, पण थोडं लिहिणं भाग आहे, कारण तुला त्यातलं अर्धंच ठाऊक आहे. तू त्या हॉटेलच्या बँडमध्ये जागा मिळावी म्हणून त्यांच्यासमोर वाजवायला उभा राहिलास. डेपोतली बाबांनी लावलेली नोकरी त्यासाठी सोडून गेला होतास. त्यांनीही नेमकी तीच चाल काढली, तू आनंदाने उडी मारलीस, आणि तुझ्याशिवाय कुणीच मारली नाही. वर तुझी पट्टीच वेगळी. सगळी वाद्यं एका घरात आणि तू अर्धी पायरी वर, माळ्यावर. ते हसले, आणि बँडमास्तरने विचारलं की हे कुठल्या शाळेत शिकवतात. तू घरी आलास तो थेट प्लेअरपाशी गेलास. तबकडीला कागदाचा कपटा चिकटवलास, घड्याळ लावून फेरे मोजलेस, आणि बाबांना सांगितलंस की तुमचा पट्टा जाड आहे, यंत्र कायम वेगाने धावत आलंय, आम्ही आयुष्यभर चुकीचा सूर ऐकला, चुकीची चाल शिकलो, तुम्ही माझा कानच वाकडा करून ठेवलात. मी टॉवेल हातात घेऊन दारात उभी होते. बाबा नुसते पट्ट्याकडे बघत होते. आपण एवढा नीट कापलेला पट्टा जाड निघाला, हे त्यांना बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागलं असावं. मग तू लंगडीची रेकॉर्ड उचललीस आणि बेसिनच्या काठावर दाबून मोडलीस. केवढा आवाज झाला. बाबा म्हणाले, माझ्याकडे सगळं वाकडंच आहे, जा, सरळ असेल तिकडे जा. आणि तू, आज्ञाधारक मुलगा, गेलास. आयुष्यात त्यांचं एवढं एकच ऐकलंस.

तू जिना उतरल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. बाबांनी तुकडे गोळा केले. प्रत्येक तुकडा खिडकीशी नेऊन उजेडात धरून बघितला, जोडता येईल का म्हणून, गिअरचा दात तुटल्यावर बघतात तसा. मग पट्टा काढून कचऱ्यात टाकला आणि बाजारातून विकतचा पट्टा आणला. आता यंत्र बरोबर फिरायला लागलं, आणि बाबांनी पेटी पलंगाखाली सरकवली. सगळी माणसं दमल्यासारखी वाटतात, म्हणाले. तो कुत्रासुद्धा जाड आवाजात भुंकतो. मग निवृत्त झाले, आणि दर आठवड्याला जुन्या बाजारात जायला लागले. काय आणता विचारलं तर स्क्रू, म्हणायचे. मी कधी खोदून विचारलं नाही. माणूस काहीतरी करतोय, पाय मोकळे होताहेत, मला तेवढं पुरेसं होतं.

त्यांना ॲडमिट केलं तेव्हा पायजमे आणायला मी घरी गेले. पलंगाखालची बॅग ओढली तर तिच्यामागून रेकॉर्डची चळत घसरली. मला वाटलं पेटीतल्याच असतील. पण दादा, सगळ्यांवर तेच कव्हर, तेच लांबलचक नाव. लंगडी, लंगडी, लंगडी. जुन्या बाजारात जिथे जिथे ती मिळाली तिथून त्यांनी ती उचलली होती. आणि बाहेर काढून बघितलं तर प्रत्येकीवर, त्याच जागी, एक चरा. कुणावर ब्लेडचा, कुणावर सुईचा, एकीवर तर बारीक कानशीने घासलेलं. बाबा चरा बनवत होते. तू मोडलीस तशी चऱ्याची रेकॉर्ड बाजारात मिळेना, म्हणून दुसरीला धरून तीच बनवत होते. मी एकेक लावून बघितली. एक त्याच फेऱ्यात अडकून तेच तेच म्हणत राहते. एक मागे उडी मारते. एक दोन फेरे एकदम गाळते. एकही बरोबर पडत नाही. सगळ्यात खालच्या कव्हरात पट्टा होता, सायकलच्या ट्यूबचा, कचऱ्यातून परत उचललेला. त्या सगळ्या वर्षांचा मला इतका राग आला की तू समोर असतास तर तुझं ते क्लॅरिनेट तुझ्याच डोक्यात घातलं असतं. बाबा मेकॅनिक, तू वाजवणारा, दोघांनाही कान आहेत, आणि अक्कल मात्र घरात कुणालाच नाही.

मी काय काय करून बघितलं तेही ऐक, म्हणजे मी उगाच तुझ्या गळ्यात पडत नाहीये हे कळेल. आधी फोनवर मूळ चाल शोधून लावली, अगदी स्वच्छ, बिनचऱ्याची. बाबांनी पाहुण्याशी वागतात तसं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, छान आहे, कुणाची? मग माझ्या चष्म्याच्या दुकानातल्या एका मुलीने त्यातल्या त्या चार मात्रा फोनवरच कापून दिल्या, वेगही थोडा वाढवून दिला. मोजून-मापून तंतोतंत लंगडी. बाबांनी डोळे मिटून ऐकली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ती जागा आली, गेली, आणि त्यांनी मान हलवली. हे कापलंय, म्हणाले, उडी नाही मारलेली. मग माझा धीर सुटला आणि मी स्वतः गायला लागले. हस, हस तू. बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला आणि नर्स धावत आली, आणि शेजारच्या बेडवरचे आजोबा म्हणाले की आम्हाला आधी सांगत जा. हसून झाल्यावर बाबांनी माझा हात धरला आणि म्हणाले, त्याचा तो श्वास असतो ना, उडीच्या आधी, तो कुठल्याच रेकॉर्डवर नाही गं. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

आता कसे आहेत विचारशील. अंगावर मांस उरलेलं नाही, डोळे तेवढे पूर्वीचे. पण परवापासून एक वेगळंच चाललंय. दाढी करून घेतली. घरचा निळा शर्ट मागवला, तो आता खांद्यावरून घसरतो, तरी बटणं गळ्यापर्यंत लावतात. दिवसभर उशीला टेकून बसून राहतात आणि खिडकी लावू देत नाहीत. खाली अँब्युलन्स वळतात ते अंगण आहे, तिथून धूर येतो, गार वारा येतो, शेजारचे आजोबा कुरकुरतात, पण खिडकी उघडीच हवी. दुखण्यावरचं इंजेक्शन घ्यायला नको म्हणतात. काल नर्सने समजावलं, डॉक्टरांनी दम दिला, मी हाता-पाया पडले. नाही म्हणजे नाही. दुखायला लागलं की पलंगाची दांडी धरतात, आणि दांडी वाजायला लागते. ओरडत नाहीत. नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली, तुमचे वडील असे का करताहेत, एवढं सोसायची काही गरज नाही. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तिला देण्यासारखं नव्हतं.

तुला वर यावं लागणार नाही, दादा. मी सगळा विचार करून ठेवलाय. त्यांच्यासमोर बसून काय बोलायचं, माफी कुणी कुणाची मागायची, हा घोळ तुम्ही दोघं घालाल आणि मी मध्ये अडकेन, म्हणून तोही नको. बाबा पहिल्या मजल्यावर आहेत. मागच्या फाटकाने आत आलास की डाव्या हाताला सिलिंडर ठेवायची शेड आहे. तिच्या पुढ्यात उभा राहिलास की वरची उघडी खिडकी त्यांची. तिथल्या पहारेकऱ्याशी मी बोलून ठेवलंय, तो तुला उठवणार नाही, निदान एक चाल संपेपर्यंत तरी. आपल्या पट्टीत वाजव, ती अर्धी पायरी वरची. भुयारातही तू त्याच पट्टीत वाजवत असणार, अशी माझी खात्री आहे. मला सूर कळत नाहीत, पण तुझा हट्ट कळतो. एवढ्या वर्षांत तुला सरळ चाल कुणीतरी शिकवलीच असेल, आणि तरी तू रस्त्यात उभा राहून वाकडीच वाजवतोस. मग तू कशावर रागावून बसलायस ते तरी सांग. वाजव आणि हवं तर तसाच निघून जा, मी मागे धावणार नाही. धावले तरी उलट्या दिशेलाच धावेन.

आता खरं कारण लिहिते, इतका वेळ पेन तिकडे वळत नव्हतं. त्या दिवशी भुयारातून मी हॉस्पिटलला पोचले ती धापा टाकत, रडून चेहरा सुजलेला. बाबा घाबरले, काय झालं म्हणाले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं की दादा भेटला. एकदा खोटं सुरू झालं की थांबवता येत नाही रे. भेटला, बोलला, तुमची चौकशी केली, आणि म्हणाला की खिडकीखाली येऊन लंगडी वाजवतो. कधी येतो ते त्यांनी विचारलं नाही. फक्त खिडकी उघड म्हणाले. तेव्हापासून ते इंजेक्शन घेत नाहीत, कारण ते घेतलं की झोप लागते, आणि त्या झोपेत तू येऊन वाजवून गेलास तर? एवढंच त्यांचं म्हणणं आहे. माझा मुलगा यायचाय, असं ते प्रत्येक नर्सला सांगतात आणि दांडी घट्ट धरतात. मी खोटं बोलले हे त्यांना सांगायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यांनी मला गप्प केलं, खालून काही ऐकू येतंय का ते ऐकायचं होतं म्हणून. माझ्या एका थापेवर आपला बाप डोळे ताणून जागा आहे, दादा. ती थाप खरी करायला तुझी बोटं लागतात, तुझा तो श्वास लागतो, माझ्याकडे त्यातलं काहीच नाही. वाद्य हातात आलं की घरी जाऊ नकोस, जेवू नकोस, सरळ ये. वाजव, त्या जागेवर उडी मार, आणि त्यांना झोपू दे.

तुझीच,
बेसूर